धारूरची वाट : उदगीरच्या स्वारींतील फिरती फौज, तिची रचना व सरंजाम

उदगीरची लढाई या नांवानें जो प्रसंग मराठ्यांच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे, त्याचा निकाल उदगिरास लागला नाहीं. ता. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं, म्हणजे शके १६८१ च्या माघ वद्यांत, निजामाच्या फौजेवर जो शेवटचा घाला पडला तो औशाच्या बाजूस, तांदुळज्याच्या रानांत पडला. आणि त्या फौजेचें तोंड ज्या ठिकाणाकडे लागलें होतें तें ठिकाण धारूर. धारुरास निजामाची दुसरी फौज होती. ती व ही अशा दोन्ही एक झाल्या असत्या तर सदाशिवरावभाऊंस मिळालेला तह त्या अटींवर मिळता ना, हें त्या वेळच्या दोन्ही पक्षांस स्वच्छ दिसत होतें. म्हणून या स्वारीस आम्ही मनाशीं 'धारूरच्या वाटेची लढाई' असें म्हणतों. नांव बदलावें असा आमचा आग्रह नाहीं; परंतु नांवानें दृष्टि एका गांवावर खिळते आणि वाटेवर काय घडलें हें पाहावयाचें राहून जातें. फिरत्या फौजेचा इतिहास तर सगळा वाटेवरच घडलेला असतो.

निजामाच्या फौजेस मराठी कागदांत सर्रास 'मोगल' म्हणतात. येथेंहि आम्ही तोच शब्द ठेविला आहे.

प्रथम स्थळाविषयीं थोडें. धारूर हें बालाघाटाच्या कडेवर वसलें आहे. उत्तरेकडे घाट उतरला कीं तेलगांव, माजलगांव व पुढें गंगथडी, म्हणजे गोदावरीचें खोरें. दक्षिणेस व आग्नेयीस पठार, अंबेजोगाई, आणि त्यापलीकडे मांजरेचा काळा मुलूख. खालून वर येणारा व वरून खालीं जाणारा अशा दोघांसहि हें नाकें चुकवितां येत नाहीं. आदिलशाही सरदार किश्वरखान यानें येथें किल्ला बांधिला तो इसवी सन १५६७ च्या सुमारास, आणि तो निजामशाहीच्या छातीवर बसविण्याकरितांच बांधिला. मुर्तजा निजामशहानें लौकरच चालून येऊन तो घेतला. त्या गर्दींत किश्वरखान बाण लागून पडला असें फिरिश्ता लिहितो. पुढें शहाजहानच्या कारकीर्दींत आजमखानानें सन १६३१ च्या आरंभीं हा किल्ला मोगलाईंत आणिला. अब्दुल हमीद लाहोरीच्या 'बादशाहनाम्यां'त या स्थळाचें वर्णन आहे : डोंगराच्या सोंडेवर किल्ला, आणि दोन बाजूंस अशा खोल दऱ्या कीं त्यांतून वाट नाहीं. आजहि किल्ल्याच्या तटावर उभें राहिलें म्हणजे लाहोरीनें लिहिलें त्यांत दरबारी अतिशयोक्ति फारशी नाहीं अशी खात्री पटते. बखरकारांप्रमाणेंच तवारीखकारांवरहि अविश्वास ठेवण्याची आपल्या संशोधकांची संवय चांगलीच आहे. पण दरी मोजतां येते, आणि मोजल्यावर संशय टिकत नाहीं.

आतां स्वारीकडे वळूं. सन १७५८ मध्यें बुसी हैदराबादेहून परत बोलाविला गेला आणि निजामाच्या दरबारचा फ्रेंच आधार सुटला. बुसीच्या हाताखालीं तयार झालेला इब्राहिमखान गारदी निजामअल्लीची चाकरी सोडून पेशव्यांकडे आला. नोव्हेंबर १७५९ मध्यें अहमदनगरचा किल्ला कवीजंगानें पेशव्यांच्या हवालीं केला. त्यावरून युद्ध उभें राहिलें. सलाबतजंग व निजामअल्ली उदगिराकडे आले. भाऊसाहेबांनीं त्यांस गांठलें. आणि मग तेथून धारुराकडे सरकावयाचें असा मोगलांचा बेत ठरला. सरळ रेषेनें मोजिलें तर उदगीर ते धारूर हें अंतर सुमारें सत्तर मैल, म्हणजे पस्तीस कोस भरतें. सडा स्वार तें दोन दिवसांत तोडील. मोगली फौजेस तें तुटलें नाहीं.

कां तुटलें नाहीं, हाच या लेखाचा विषय आहे. याचें नेहमीचें उत्तर असें कीं, इब्राहिमखानाच्या तोफांनीं व गारद्यांनीं मोगल मोडिला. हें उत्तर आम्हांस अपुरें वाटतें, आणि तें केवळ अपुरें आहे एवढेंच नव्हे तर भाऊसाहेबांच्या छावणींतहि तें खरें मानलें गेलें यामुळें पुढच्या वर्षीं मोठा अनर्थ झाला, असें आमचें मत आहे. त्याची कारणें सांगण्यापूर्वीं फौज कशी बांधलेली असे व तिच्यापाशीं काय काय असे हें पाहिलें पाहिजे.

राजारामाच्या आज्ञेनें जिंजीस लिहिली गेलेली सभासदाची बखर वाचकांच्या हातांतली आहे. तींत शिवछत्रपतींच्या पागेची रचना दिली आहे ती थोडक्यांत अशी : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांचा एक जुमला व त्यावर जुमलेदार, दहा जुमल्यांचा हजारी, पांच हजाऱ्यांचा पंचहजारी, सर्वांवर सरनोबत. दर पंचवीस बारगिरांमागें एक पखालजी व एक नालबंद. वाचक बहुधा हवालदार, जुमलेदार व त्यांचे होन एवढें वाचून पुढें जातात. आम्हांस मात्र या सगळ्या यादींत हा पखालजी व हा नालबंद सर्वांत मोलाचे वाटतात. पंचवीस घोड्यांस एक पाणक्या आणि एक नाल ठोकणारा, हें प्रमाण ज्यानें ठरविलें त्यानें घोडा कशानें थांबतो याचा विचार केला होता. घोडा शत्रूनें क्वचित् थांबतो. तहानेनें व झिजलेल्या खुरानें रोज थांबतो. बालाघाटाच्या कातळावर नाल पडलेला घोडा दुसऱ्या मुक्कामास लंगडतो हें या भागांतल्या कोणत्याहि टांगेवाल्यास ठाऊक असे.

याच रचनेच्या पाठीमागचा कटाक्ष चिपळुणाजवळील छावणीच्या जुमलेदारांस व हवालदारांस सन १६७३-७४ च्या सुमारास गेलेल्या सुप्रसिद्ध आज्ञेंत दिसतो. पावसाळ्याच्या बेगमीचा दाणा व वैरण आतांच उधळली तर पुढें घोडीं उपाशीं मरतील. लोक रयतेच्या घरांत शिरतील. चुलीचा विस्तव, दिव्याची वात उंदरानें नेऊन गवताची गंज पेटेल. असा एकेक धोका त्या पत्रांत मोजून सांगितला आहे. राज्यकर्त्यानें उंदराचा हिशेब धरावा हें कित्येकांस कौतुकाचें वाटतें. आम्हांस त्यांत कौतुकाहून अधिक कांहीं दिसतें : ज्या फौजेचें बळ चालण्यांत आहे, तिचें कोठार म्हणजेच तिचा दारूगोळा.

शब्दांकडे पाहिलें तरी हीच गोष्ट निघते. शिलेदार हा फारसी 'सिलाहदार', म्हणजे हत्यार बाळगणारा. घोडा व हत्यार त्याचें स्वतःचें. बारगीर म्हणजे मुळांत ओझें उचलणारा, ओझ्याचें जनावर. त्यावरून दुसऱ्याच्या, म्हणजे सरकारच्या किंवा सरदाराच्या, घोड्यावर बसणारा स्वार. पागा हा 'पायगाह', म्हणजे तबेल्याची जागा. हैदराबादच्या पायगा जहागीरदारांच्या नांवांत तोच शब्द वेगळ्या ऐश्वर्यास चढला. मलिकअंबरानें मराठी स्वारांच्या बळावर मोगलांस जेरीस आणिलें तेव्हांपासून 'बर्गी' हा शब्द मोगली लेखकांच्या तोंडीं बसला, आणि पुढें बंगाल्यांत तो आयाबायांच्या अंगाईंत जाऊन पोंचला. एवढा प्रवास शब्दानें केला तो घोड्याच्या पाठीवरून.

पेशवाईंत सभासदाची ही नेटकी उतरंड राहिली नाहीं. हुजुरातीची पागा, मानकऱ्यांचीं व सरंजामी सरदारांचीं पथकें, शिलेदार, एकांडे, आणि सर्वांच्या पाठीमागें पेंढारी, अशी ती जमात होती. एकांडा म्हणजे स्वतःपुरता एक घोडा व एक भाला घेऊन येणारा. त्याचा मान मोठा, हुकूम मानण्याची हौस थोडी. पथक हा शब्द वाचला म्हणजे कांहीं ठराविक संख्या मनांत आणूं नये. दहा घोड्यांचेंहि पथक असे व हजारांचेंहि असे. स्वारीस निघण्यापूर्वीं शिलेदारास नालबंदी म्हणून कांहीं रक्कम आगाऊ मिळे, वाटेंत रोजमुरा मिळे, आणि बाकी हिशेब स्वारीहून परत आल्यावर. तो हिशेब कित्येक वेळां वर्षानुवर्षें तुंबून राही. शिलेदाराचा घोडा पडला तर तो पायउतार झाला. म्हणून तो घोडा राखून लढे, यांत नवल नाहीं. घोडा हीच ज्याची मिरास, त्यास तोफेच्या तोंडावर घाल म्हणणें हें शेतकऱ्यास आपलें बीं जाळ म्हणण्यासारखें होय. मराठे पळपुटे असा आरोप करणाऱ्या युरोपियन ग्रंथकारांनीं या एका गोष्टीचा विचार केला असता तर त्यांचीं पुष्कळ पानें वांचलीं असतीं.

हजेरीच्या कागदांत स्वाराचें नांव, घोड्याचा रंग व खुणा लिहीत. कुमाईत, अबलख, सबजा, पंचकल्याणी असे रंगाचे व लक्षणांचे शब्द तेथें भेटतात. कारण उघड आहे : हजेरीच्या दिवसापुरता घोडा उसना आणून उभा करण्याची विद्या सर्व सैन्यांत सारखीच प्रगत होती. अकबरानें यासाठींच डाग व चेहरा यांचा कायदा केला. आणि संस्कृताच्या विद्यार्थ्यास येथें हटकून कौटिल्याची आठवण होते. अर्थशास्त्रांतील अश्वाध्यक्षानें घोड्याची जात, वय, रंग, अंगावरची खूण व तो कोठून आला हें लिहून ठेवावें असें सांगितलें आहे. शामशास्त्र्यांनीं १९०९ मध्यें तो ग्रंथ प्रसिद्ध करीपर्यंत कोणाहि पेशवे-कारकुनानें तो वाचला असण्याचा संभव नाहीं. तरी त्याची यादी व कारकुनाची यादी एका साच्याची. लबाडी तीच असली कीं उपायहि तोच सुचतो.

संग्राहकांस येथें एक विनंति. जुन्या दप्तरांतून तहनामा, वंशावळ, शिक्क्याचें पत्र निघालें म्हणजे आपण तें रेशमी रुमालांत ठेवितों. आणि चंदी-वैरणीची याद, नालबंदीचा तुकडा, घोड्यांच्या खुणांचा फाटका बंद हीं मात्र किरकोळ म्हणून बाजूस पडतात. आमच्या मतें फौजेचा इतिहास या दुसऱ्या ढिगांत आहे. राजवाड्यांनीं १८९८ मध्यें पहिला खंड काढिला त्यांत १७५० ते १७६१ या काळचीं पत्रें आहेत, आणि सरदेसायांनीं संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या पंचेचाळीस भागांतहि या स्वारींविषयींचीं पत्रें आहेत. परंतु पत्र लिहिणारा वाद, मसलत, जयापजय लिहितो. घोड्यानें काय खाल्लें हें तो लिहीत नाहीं. तें त्याचा कारकून दुसऱ्या कागदावर लिहितो. सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवरील ग्रंथ १९२८ मध्यें निघाला तो आजहि पायाभूत आहे. त्यावर जी इमारत चढवावयाची तिच्या विटा या किरकोळ बंदांच्या आहेत.

स्वाराच्या अंगावरचा सरंजाम थोडका असे, आणि तो थोडका असणें हेंच त्याचें शास्त्र. भाला, तलवार, ढाल. कोणाकोणाजवळ तोड्याची बंदूक. खोगिराखालीं घोंगडी, तीच रात्रीं अंथरूण व पावसांत पांघरूण. घोड्याचा तोबरा, अगाडी-पिछाडीच्या दोऱ्या, दोन मेखा. पिशवींत भाकरीचें पीठ किंवा भाजलेलें धान्य. मुलुखगिरींत राहुटीहि नसे. भाला जमिनींत रोवून, लगाम हाताशीं ठेवून स्वार झोंपे, असें जुन्या युरोपियन लेखकांनीं आश्चर्यानें नमूद केलें आहे. घोडा बहुधा भीमथडीचा किंवा गंगथडीचा, अंगानें लहान, खाण्यास काटक. दिसावयास तो इराणी घोड्यापुढें गरीब दिसे. परंतु चंदी न मिळाली तर कडब्यावर निभावणारा घोडा आणि चंदीवांचून तिसऱ्या दिवशीं मान टाकणारा घोडा यांत फिरत्या फौजेनें कोणता निवडावा हें सांगावयास नको.

याउलट मोठ्या लष्कराचा सरंजाम : तोफा व त्यांचे बैल, दारूगोळ्याचे गाडे, बाणांनीं लादलेले उंट, हत्ती, डेरे, बाजार, आणि या सर्वांचें पोट भरणारे बंजारे. शहाजहानच्या १६३० च्या दक्षिण-स्वारीशीं भंगी व जंगी या बंजारा नाईकांची कथा जोडलेली आहे. बादशाही फौजेस धान्य पुरविण्याबद्दल त्यांस पाण्याचे व गवताचे हक्क मिळाले अशी ती कथा. बालाघाटावरील तांड्यांतून ती आतांपर्यंत सांगितली जाई. कथेचा तपशील कसाहि असो, बंजाऱ्यावांचून बादशहा हलत नसे ही त्यांतली गोष्ट खरी.

ढोबळ हिशेब करून पाहा. घोड्यास दिवसाची चार शेर चंदी धरली तर दहा हजार घोड्यांस चाळीस हजार शेर, म्हणजे एक हजार मण दाणा रोज लागतो. लादणीचा बैल तीन मण उचलतो असें मानलें तर नुसत्या एका दिवसाच्या चंदीस सव्वातीनशेंहून अधिक बैल पाहिजेत. दहा दिवसांची बेगमी बरोबर घ्यावयाची तर तीन हजारांवर. यांत वैरण नाहीं, माणसांचें धान्य नाहीं, बैलांची स्वतःची वैरण नाहीं. म्हणजे घोडदळ जेवढें मोठें तेवढें तें एका जागीं थांबण्यास असमर्थ. त्यास पसरूनच राहिलें पाहिजे आणि हिंडूनच खाल्लें पाहिजे. हिंडणें ही मराठ्यांची लहर नव्हती, तो अंकगणिताचा निकाल होता.

आतां माघ महिन्यांतलें मांजरेचें खोरें डोळ्यांपुढें आणावें. शाळूचें पीक उभें आहे; कोठें हुरड्याचे दिवस आहेत, कोठें काढणी लागली आहे. काळी जमीन वाळलेली, घोड्यास मोकळी. अशा वेळीं जो पांच-दहा कोसांवर पसरूं शकतो त्याच्या घोड्यास रानोरान वैरण आहे, आणि जो एका जागीं गोळा होऊन बसला आहे त्याच्या घोड्यास पायाखालचीं धसकटेंच. मोगलांनीं गोल बांधिला होता. भोंवतीं तोफा व प्यादे, मध्यें सरदार, खजिना, बाजार व बुणगे, असा हा चालता किल्ला. गोलाचा वेग म्हणजे त्यांतल्या सर्वांत मंद तोफेच्या सर्वांत थकलेल्या बैलाचा वेग. गोल फुटतो म्हणून त्यांतून कोणी वैरणीस बाहेर पडूं शकत नाहीं. आणि बाहेर पडला नाहीं तर उद्यां जनावर उभें राहत नाहीं. मराठे स्वार दिवसभर अवतीभंवती राहिले, मागें पडलेला बैल व पुढें गेलेला वैरणवाला उचलीत राहिले. एवढ्यानें गोल मोडत नाहीं हें खरें. पण एवढ्यानें पस्तीस कोस पस्तीस योजनांएवढे होतात.

इब्राहिमखानाचें काम यानंतरचें. थकलेला, आकसलेला व एका जागीं खिळलेला गोल तोफेस उत्तम निशाण असतो. तोफांनीं त्यास खिंडार पडलें आणि त्या खिंडारांतून स्वार आंत गेले. तोफ व घोडा दोन्हींनीं मिळून काम केलें, आणि आमचा निष्कर्ष असा कीं तोफेचें काम घोड्यानें आधीं सोपें करून ठेविलें होतें. धारुराची फौज अलग पडली आणि तह झाला. दौलताबाद, अशेरी, विजापूर, बुऱ्हाणपूर व सुमारें साठ लक्षांचा मुलूख पेशव्यांकडे आला. अहमदनगर आधींच आलें होतें.

छावणींत मात्र नांव झालें तें गारद्यांचें. दत्ताजी शिंदे १० जानेवारीस बुराडी घाटावर पडल्याची बातमी तहानंतर दक्षिणेंत आली. गोदावरीपलीकडे परतुडास मसलत झाली आणि मार्च १७६० मध्यें भाऊसाहेब उत्तरेकडे निघाले. बरोबर इब्राहिमखानाची पलटणें, अवजड तोफा, सरदारांचे कुटुंबकबिले, यात्रेकरू व बाजार. दिल्ली हातीं आली ती ऑगस्टांत. पुढें पानिपतावर जें घडलें तें धारूरच्या वाटेवरून गेलेल्या वाचकास ओळखीचें वाटल्यावांचून राहणार नाहीं. तोफांच्या आड मोर्चे बांधून बसलेलें मोठें लष्कर. भोंवतीं वैरण व धान्य तोडणारे हलके स्वार. एका जागीं उपाशी पडलेलीं जनावरें. शत्रूची रसद तोडण्यास गेलेला व डिसेंबरांत मारला गेलेला गोविंदपंत बुंदेले. आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं बाहेर पडावयाचें म्हणून बांधिलेला गोल. माघांत जी फौज शिकारी होती ती पुढच्याच पौषांत सावज झाली. माणसें पुष्कळशीं तींच, सेनापति तोच, इब्राहिमखान तोच. बदलली ती जागा : गोलाच्या बाहेरून ती गोलाच्या आंत आली.

होळकरांनीं गनिमी काव्याचा सल्ला दिला व तो मानला गेला नाहीं असें बखरी सांगतात. त्या संवादांत बखरकारांनीं किती रंग भरला याचा वाद येथें नको. वाद न घालतां इतकें म्हणतां येतें कीं, त्या सल्ल्याच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा बखरींत नसून उदगीर-धारूरच्या पस्तीस कोसांत आहे. कै. शेजवलकरांनीं १९४६ च्या आपल्या पानिपतावरील इंग्रजी ग्रंथांत या युद्धाची जी तपासणी केली तीस विरोध म्हणून आम्ही हें लिहीत नाहीं. गारद्यांच्या कवायतीचें मोल आम्हांसहि मान्य आहे. आमची तक्रार एवढीच कीं, तोफा व बुणगे एका यादींत आणि नालबंद व पखालजी दुसऱ्या यादींत, अशा दोन याद्या भाऊसाहेबांच्या कारखान्यांत समोरासमोर मांडल्या गेल्या नाहींत.

माधवरावांच्या वेळीं हा धडा पुन्हां उजळला, आणि तोहि बीडच्याच मुलखांत. सन १७६३ मध्यें निजामअल्लीनें पुणें जाळलें. तिकडे राघोबादादा व माधवराव यांनीं समोरासमोरची लढाई टाळून मोगलाईंत धुमाकूळ घातला. दोन्ही फौजा हलक्या होऊन एकमेकींच्या घरांत हिंडल्या. शेवटीं १० ऑगस्ट रोजीं राक्षसभुवनास निजामअल्ली गोदावरी उतरून उत्तर तीरास गेला, दिवाण विठ्ठल सुंदर दक्षिण तीरावर मागें राहिला, आणि नदी दुथडी असल्यामुळें धन्यास सेवकाचें मरण पलीकडून पाहणें प्राप्त झालें. लष्कर मंद व अवजड असलें म्हणजे त्याचे असे दोन तुकडे कोठें तरी पडतातच. धारूर व उदगीर यांच्यामध्यें पडले, तसे येथें गंगेच्या दोन कांठांवर पडले.

घोडा गेला म्हणून ही अडचण गेली असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत १९४१ च्या उन्हाळ्यांत स्लोवाक सैन्य जर्मनांबरोबर युक्रेनमध्यें गेलें तेव्हां त्यांच्या पायदळास जर्मनांच्या चालीनें जाणें जमेना. म्हणून त्यांनीं यांत्रिक गाड्या असलेलीं दळें व जुन्या चेकोस्लोवाक फौजेकडून आलेले रणगाडे वेगळे काढून एक शीघ्रगामी ब्रिगेड बनविली. ती पुढें गेली, आणि २२ जुलै रोजीं लिपोवेत्स येथें पुरेशा पाठबळावांचून झुंजून नुकसान सोसून मागें आली. त्या देशाचे संशोधक आज कोणत्या तुकडींत किती गाड्या व कोणत्या जातीचे रणगाडे होते हें हजेऱ्यांवरून व छायाचित्रांवरून जुळवीत असतात. आपल्या पथकांच्या याद्यांवर तेवढा घाम गाळणारे आपल्यांत किती आहेत?

धारुराच्या शेजारीं या रचनेचा शेवटचा अध्याय अलीकडेपर्यंत चालूं होता. अंबेजोगाई, म्हणजे निजामी अमलांतील मोमिनाबाद, येथें हैदराबाद कंटिंजंटच्या रिसाल्याची छावणी होती. या रिसाल्यांत भरतीची पद्धत शिलेदारीच होती. घोडा व सरंजाम स्वाराचा. नोकरींत शिरतांना जी रक्कम तो भरी तिला 'असामी' म्हणत. ज्यास ती ऐपत नसे तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसे, आणि इंग्रजी हजेरीपत्रकांतहि त्याचें नांव 'बारगीर' असेंच पडे. दोन स्वारांमागें एक लादणीचें तट्टू किंवा खेंचर व एक गवतकाप्या मोतद्दार, असें प्रमाण असे. सभासदाचा पखालजी व नालबंद यांचा हा वंशजच होय. १९०३ मध्यें कंटिंजंट हिंदी सैन्यांत विलीन झाली, आणि तिच्या रिसाल्यांतून विसावा डेक्कन हॉर्स व एकोणतिसावा लान्सर्स या पलटणी पुढें चालल्या. डेक्कन हॉर्सनें १४ जुलै १९१६ रोजीं फ्रान्सांत सोमच्या लढाईंत हाय वुडपाशीं भाल्यानिशीं हल्ला केला.

त्याच महायुद्धानें शिलेदारी संपविली. समुद्रापलीकडे घोडा पडला तर स्वारानें नवा घोडा कोठून आणावा? बाजार नाहीं, गांव नाहीं, नालबंदी देणारा सरदार नाहीं. मेलेल्या घोड्याची किंमत स्वारावर बसविणें अशक्य झालें, पलटणींच्या फंडांस तो बोजा पेलेना, आणि घोडे सरकारास पुरवावे लागले. युद्धानंतर ही पद्धत मोडली. १९२१ मध्यें विसावी व एकोणतिसावी या दोन्ही पलटणी एक झाल्या. दुसऱ्या महायुद्धांत त्याच डेक्कन हॉर्सजवळ घोड्याऐवजीं शर्मन रणगाडे होते, आणि १९४५ मध्यें ब्रह्मदेशांत मेक्टिलाच्या मोहिमेंत ते लढले. मोमिनाबादेच्या छावणींत असामी भरणारा शेवटचा शिलेदार आपला घोडा आपल्याच घरून घेऊन आला होता. या नव्या स्वारांनीं घरून कांहींच आणिलें नव्हतें.